अक्का सुटल्या

ताकदवाल्याने माझ्या बहिणीला फसवलं, आणि तिच्या निमित्ताने मला. उज्जैनच्या फ्रीगंजात माझ्याशी ज्यांनी सौदा केला आहे त्यांना विचारून पाहा. कापडवाला, कोळशावाला, जागेचा मालक, कुणीही सांगेल की मास्टरकडून जास्तीचं कुणी काही नेलं नाही. एकटा ताकदवाला घेऊन गेला. तो आता हयात नाही. पण त्याचं दुकान आहे, आणि दुकान आहे तोवर माझी तक्रार आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले होते की धंद्यातल्या गमती लिहा. गमतीही येतील. पण आधी तक्रार, कारण माझं वय झालं आहे आणि गमती माझ्यावाचूनही लोक सांगतील.

मी शिंपी. उज्जैनीत शिंप्याला मास्टर म्हणतात, आणि शाळेतल्या मास्तरांपेक्षा आम्हाला मान जास्त, कारण दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांच्यापुढे कुणी हात जोडून उभं राहत नाही. वडील ग्वाल्हेरला सरकारी पलटणीचे कपडे शिवायचे. ते गेले तेव्हा मी पोरसवदा होतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, त्याच सुमारास नवरा जाऊन माहेरी परत आली होती. तिने पाटल्या मोडल्या, एक जुनी मशीन घेतली आणि मला घेऊन उज्जैनला आली. मी मशीनवर बसायचो, ती काज-बटण करायची. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं तेव्हा पुढच्या फळीवर मी आणि पडद्यामागे बायकांची मापं घ्यायला अक्का, अशी वाटणी झाली. आमची भांडणं गिऱ्हाइकांच्या देखत व्हायची. काही गिऱ्हाइकं त्यासाठीच थांबायची, असा मला संशय आहे.

बाहेरच्यांना वाटतं की शिंप्याचा धंदा कापण्याचा. खरं तर तो राखण्याचा आहे. शिवणीच्या आत दुमडून जे कापड आम्ही ठेवतो, बाहेरून जे दिसत नाही, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने वाढला तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा सैल करायचा. हलका शिंपी माया ठेवत नाही. तेवढं कापड वाचवून त्याच्या टोप्या विकतो. माझ्या कपड्यात माया भरपूर असायची आणि त्याचा मोबदला मी शिलाईत वसूल करायचो, घासाघीस करून. फुकटची माया मी कुणावर केली नाही.

आता गंमत ऐका. रेशनच्या आणि कापड-कंट्रोलच्या दिवसांत माझ्याकडे काम यायचं ते कपडे आत घ्यायचं, म्हणजे तंग करायचं. बापाचा कोट मुलाला, सासऱ्याची शेरवानी जावयाला. गाव सुकलेलं होतं. लोक उघड म्हणत, मास्टर, जरा अंग भरलेलं दिसेल असं शिवा. मी खांद्यात कापूस घालून द्यायचो. मग इंग्रजांच्या हातून देश सुटला. ग्वाल्हेर-इंदूरची संस्थानं जाऊन मध्यभारत झाला, कचेऱ्या वाढल्या, खुर्च्या वाढल्या. नळ आले, पिठाच्या चक्क्या आल्या, साखर मोकळी झाली, डब्यातलं वनस्पती तूप आलं. आणि काही वर्षांतच माझ्या दुकानात उलटी गंगा वाहू लागली. जो तो माया सोडून मागायला लागला. तंग करायचं काम बंदच पडलं म्हणा ना. देश सुटला त्याच्या मागोमाग गावही सुटलं.

हा सुटणे शब्द आमचा फार कामाचा आहे. पोट सुटलं, अंग सुटलं, अमका फार सुटला. पण हे पाठीमागे. तोंडावर म्हणायचं, "तब्येत झकास झाली हं तुमची." आमच्याकडे तब्येत म्हणजे प्रकृतीही आणि जाडीही. दोन्ही एकच, असं सगळे धरून चालले होते, आणि मीही.

एक नायब तहसीलदार होते. दर दिवाळीला पँट घट्ट व्हायची आणि दर दिवाळीला ते माझ्या टेपवर आरोप करायचे. "मास्टर, ये टेप धुलाई में गया था क्या? सिकुड़ गया है." एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, साहेब, टेप आटलाय तर तुमची उंची का नाही वाढली? पडद्यामागून अक्काचं हसू आलं. साहेब पँट टाकून निघून गेले. अक्का बाहेर येऊन म्हणाली, "दत्तू, गिऱ्हाईक गेलं. आता त्या उंचीचं तोरण बांध." संध्याकाळी साहेबांच्या घरी जाऊन मला सांगावं लागलं की दोष मिलच्या कापडाचा, पाणी लागलं की आटतं. त्यांनी ते लगेच मान्य केलं. नंतर पुष्कळ वर्षं मी कापडालाच दोष देत आलो. धंदा चालतो असाच.

आता ताकदवाला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळं फ्रीगंज त्याला ताकदवाला म्हणायचं. पाटीवर डॉक्टर लिहिलेलं होतं. पदवी कुणी पाहिली नव्हती. तो एकच औषध विकायचा, तपकिरी बाटलीतलं गोड, दाट, 'ताकद की दवा'. दाराशी धान्यमंडीतला मोठा काटा आणून ठेवला होता. रोग्याला आल्यावर एकदा उभं करायचा आणि महिन्याने परत. काटा पुढे गेला की गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ताकद आ गई!" लोक टाळ्या वाजवायचे. मी पण वाजवल्या आहेत.

अक्का तेव्हा काडी होती. उपास, काज-बटण आणि विहिरीचं पाणी. ताकदवाला स्वतः अंगाने मजबूत, त्याच्या पँटी सैल करायच्या कामासाठी माझ्याकडे यायचा. एक दिवस त्याने अक्काला पडद्याबाहेर पाहिलं आणि सौदा ठरला. मी त्याचे कपडे फुकट शिवायचे, त्याने अक्काचं अंग भरेपर्यंत बाटल्या फुकट द्यायच्या. त्यावर त्याने एक मागणी वाढवली. अक्काचा आत्ताचा, म्हणजे काडी असतानाचा, एक फोटो. आमच्याकडे एकच होता, ग्वाल्हेरचा. स्टुलावर मी, मागे माझ्या खांद्यावर हात ठेवून अक्का, लग्नाआधीची. मी म्हणालो, फोटो द्यायचा तर महिन्याला दोन बाटल्या जास्त. तो लगेच कबूल झाला. "चार दिन में लौटा दूँगा, मास्टर." मला वाटलं, मी जिंकलो. जो माणूस लगेच कबूल होतो त्याच्याशी सौदा करू नये, हे मी इतरांना शिकवत आलो होतो.

अक्का भरली. बाटलीने भरली की काय, मला सांगता येणार नाही. त्याच सुमारास आमच्याकडे नळ आला, दळण चक्कीवर जायला लागलं, काज-बटण बसून, आणि रविवारी दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर कणकेचे भाजलेले गोळे, बाफला बुडेल इतकं तूप. पण श्रेय बाटलीला गेलं. ताकदवाल्याने फोटोवाल्याला बोलावून अक्काला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही फोटो एका चौकटीत घालून दुकानात लावले. खाली लिहिलं, 'ताकद से पहले, ताकद के बाद'. पहिल्या फोटोतला मी कापून टाकलेला होता. माझा खांदा उरला नव्हता, पण तिचा हात होता, हवेत ठेवल्यासारखा.

अक्काला सुरुवातीला मजा वाटली. मंडईत बायका ओळखायच्या. पुढे जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा म्हणाली, "दत्तू, त्याला म्हणावं बास आता. माझी माया सगळी सोडून झाली." तिच्या चोळ्या मीच शिवायचो. खरंच, आत सोडायला काही उरलं नव्हतं.

मग एक विमा एजंट आले. विमा कंपन्या नुकत्याच सरकारने ताब्यात घेतल्या होत्या आणि बिचारे धास्तावलेले होते, जो भेटेल त्याला विमा विकत होते. बुशशर्टचं माप देता देता मला पटवायला लागले. मी हप्ता खाली आणायला बसलो. ते म्हणाले, मास्टर, तुम्ही सडपातळ, तुम्हाला हप्ता कमीच. तुमच्याएवढ्याच उंचीचा जाड माणूस आला असता तर कंपनीने जास्त लावला असता.

मी कात्री खाली ठेवली. "जास्त का? त्याची तब्येत तर चांगली."

"तब्येत चांगली हे तुमचा ताकदवाला म्हणतो. कंपनी म्हणते, तो लवकर जाईल. हृदय, मधुमेह, काय काय. ताकदवाल्याच्या खिशातून काही जात नाही, मास्टर. कंपनीच्या जातं."

शिकलेल्या माणसाने मला पुस्तक उघडून दाखवलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण भाव मला कळतो. कोण कशाला किती लावतो यावरून वस्तू ओळखायची, यात माझं आयुष्य गेलं. ज्याचा पैसा बुडणार आहे तो जाड माणसाला महाग धरतो, आणि ज्याचा बुडणार नाही तो टाळ्या वाजवतो. मी तसाच उठून ताकदवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, अक्काच्या बाटल्या बंद, फोटो परत द्या. तो हसला. "कंपनी तो डराती है, मास्टर. डराना ही उसका धंदा है. फोटो ले जाना, कल ले जाना." तो उद्या कधी आलाच नाही.

आणि मग ते झालं. दिवाळी अंकात लिहावं की नाही यावर संपादकांशी माझी वादावादी झाली, पण लिहिणार. अक्काची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला पुन्हा रक्त दिसायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. बाई माणूस, विधवा, धाकट्या भावाला काय सांगणार. माझी बायको कुसुम हिला धुण्यात कळलं, आणि तिने मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे न बघता सांगितलं. पण मला कळायच्या आधीच अक्का गुपचूप ताकदवाल्याकडे जाऊन आली होती. तो म्हणाला होता, कमजोरीचं रक्त आहे, अंगात ताकद कमी पडते, बाटली दुप्पट घ्या. तिने घेतलीही होती.

म्हातारपणी परत सुरू झालेलं रक्त हे कमजोरीचं नसतं. एवढं एक वाक्य जरी या अंकातून कुणाच्या घरी पोचलं तरी माझं लिहिणं वसूल झालं. ते दिसलं की दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा.

मी आणि कुसुम अक्काला इंदूरला घेऊन गेलो. मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, मराठीच, बोलायला कडक. त्यांनी गर्भपिशवी आतून खरवडून ते तपासायला पाठवलं. उत्तर आलं, कॅन्सर. तो शब्द तेव्हा आम्ही नीट ऐकलाही नव्हता. ऑपरेशन लगेच हवं म्हणाल्या. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाल्या की त्यांची बदली झाली आहे. नवा मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळ, अर्धी कचेरी आणि अर्धा दवाखाना सामान बांधत होता. ऑपरेशनच्या खोलीच्या त्यांच्या वेळा सगळ्या भरलेल्या. त्यांच्या जागी येणारा कोण आणि कधी, कुणालाच माहीत नव्हतं.

मी आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा त्या व्हरांड्यात केला. बाई, जाण्याआधी एक. त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो, भोपाळच्या घराला पडदे लागतील, मी शिवून देतो. त्या म्हणाल्या, ही भाजीमंडई नाही. मी म्हणालो, मंडईत मी कधी हात जोडले नाहीत, इथे जोडतोय. त्या चालायला लागल्या. मी बरोबर चालायला लागलो. शेवटी त्या थांबल्या.

"तुम्ही नेहमी असेच करता का हो?"

"नाही बाई. नेहमी मी उठून निघून जातो, मग समोरचा बोलावतो. आज उठून जायला मला जागा नाही."

त्यांनी हातातली वही उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "परवा सकाळी. रात्रीपासून काही खायला द्यायचं नाही. आणि पडद्याचं नाव काढलंत तर हाकलून देईन."

ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढली. अक्का शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं की दुकान कोण बघतंय. पण दोन-तीन दिवसांनी तिला ताप चढला. अंगावर चरबी जास्त असली की टाका भरायला वेळ लागतो, असं परिचारिका म्हणाली. इकडे दिवाळीचा सीझन, गावभरचे कपडे माझ्या फळीवर. कुसुम म्हणाली, मी आहे, तुम्ही जाऊन कपडे देऊन या. मी उज्जैनला आलो. मशीन चालवत होतो, पण शिवण कुठे जात होती ते देवाला माहीत.

इंदूर-उज्जैन गाडीचा एक गार्ड माझं गिऱ्हाईक होता, मालव्यातला, हिंदी बोलणारा, तोंडावर कायम सुतक. कुसुमने त्याच्याबरोबर निरोप पाठवला. तो दुकानाच्या पायरीशी उभा राहिला, टोपी काढली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "मास्टर, भाभीजी ने मराठी में बोला है. 'अक्का सुटल्या. लवकर या.' इतना ही बोला."

ज्यांची बोली मराठी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुखणाईत माणूस सुटलं म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. गार्डला माहीत नव्हतं, तो पाणी पिऊन गेला. मी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून बसून राहिलो.

मग उठलो. माहेरचं वस्त्र भावाने न्यायचं असतं, आणि अक्काला माहेर म्हणजे मीच. समोरच्या कापडवाल्याकडे जाऊन कोऱ्या पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा मागितला. त्याने भाव सांगितला, मी दिला. तो कापडवाला घाबरला. गल्लाच उघडेना. म्हणाला, "मास्टर, घर में सब ठीक?" मी घासाघीस केली नाही यावरून त्याला कळलं.

बातमी गल्लीत पसरली आणि ताकदवाला आला. हात जोडून, मान खाली. म्हणाला, "मैंने कहा था मास्टर, चीरफाड़ मत कराओ. ताकद निकल गई." मी त्याला काय बोललो ते या अंकात छापता येणार नाही. त्याच्या अंगातला कोट मी शिवलेला होता. मी कॉलर धरली तेव्हा शिवण उसवली नाही, एवढं समाधान आहे. लोकांनी सोडवलं. मी कापड काखेत मारून स्टेशनवर गेलो.

गाडीत काय विचार आले ते लिहीत नाही. इंदूरला दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो आणि व्हरांड्याच्या पायरीवर अक्का बसली होती. डोक्यावरून पदर, शेजारी बोचकं, कुसुम उभी. मला बघून अक्का म्हणाली, "टांगा आणलास की तसाच आलास? सकाळपासून बसून राहिलोय आम्ही इथे. सुटी देऊन टाकली त्यांनी, खाट दुसऱ्याला दिली."

मी पायरीवरच बसलो. कुसुमला म्हणालो, काय निरोप दिलास. ती म्हणाली, "काय म्हणजे? दवाखान्यातून सुटल्या, लवकर या." ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता. 'दवाखान्यातून' हा शब्द बहुतेक वाटेत फतेहाबाद स्टेशनला उतरला.

मला हसू येत होतं आणि हसताना तोंड वेडंवाकडं होत होतं. अक्काची नजर काखेतल्या कापडावर गेली. ती शिंप्याची मुलगी. कोरं पांढरं, न फाडलेलं, एवढं लांब, कशाला आणतात ते तिला सांगायची गरज नव्हती. तिने ते हातात घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"केवढ्याला घेतलंस?"

मी सांगितलं.

"लुटलं तुला," ती म्हणाली. मग कापडाची घडी परत घातली. "भैरवगढला पाठव. छापून आण. रजाईची खोळ होईल. आणि दत्तू, नीट माया ठेवून शिव."

डॉक्टरीणबाई खोल्यांतून खोके बांधून घेत होत्या. त्यांनी सांगितलं की दुखणं पिशवीच्या बाहेर गेलेलं नव्हतं, वेळेवर आणलंत. मी विचारलं, बाई, हे ताकदवाल्याने केलं का? मला हो ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, एकट्या तुमच्या बहिणीला कशामुळे झालं ते मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बारीक बायकांनाही होतं. जाड बायकांतल्या पुष्कळजणींना कधीच होत नाही. "पण मी ज्या बायकांना यासाठी टेबलावर घेते, त्यांत अंगाने सुटलेल्या जास्त असतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण असतात."

मला हे उत्तर आवडलं नाही. चोर कोण विचारलं तर शेजाऱ्यांची यादी दिल्यासारखं वाटलं. अर्थ कळायला पुढची बरीच वर्षं गेली. आता डॉक्टर उघड सांगतात की चरबी म्हणजे नुसतं पडून राहिलेलं गोदाम नव्हे. पाळी गेल्यावर तीच अंगात बाईपणाचा रस तयार करत राहते, आणि तो पिशवीच्या अस्तराला वाढ म्हणून हाकारत राहतो. स्तनाचा, आतड्याचा, मूत्रपिंडाचा, असे आणखी काही कॅन्सरही जाडीबरोबर वाढतात. लगेच नाही. वर्षानुवर्षं घेऊन.

मी ते माझ्या धंद्यातून समजून घेतलं. एका माणसाचा कोट सैल करायची वेळ आली तर ती त्याच्या घरची गोष्ट. त्यावरून तो किती जगेल हे मी सांगितलं तर मला जोड्याने मारावं. पण आख्ख्या गावाच्या कोटांची माया सोडायची वेळ आली, थोडी थोडी का होईना, तर तीस वर्षांनी त्या गावात दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं वाढणार. कोणाच्या घरचं, ते आधी कळत नाही. वाढणार हे मात्र कळतं. विमा कंपनीचा भाव याच हिशोबाचा होता.

अक्का पुढे भरपूर जगली. कुसुमने बाफल्यांवरचं तूप आवरलं, अक्का रोज चालत चक्कीपर्यंत जायची आणि वाटेत ताकदवाल्याच्या दुकानाकडे बघून थुंकायची. कापडवाल्याकडे मी इंदूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्या कापडाची घासाघीस नव्याने केली. तो इतका खूश झाला की त्याने चहा पाजला. भैरवगढच्या लाल-काळ्या बुट्ट्यांची ती रजाई अक्काने फाटेपर्यंत पांघरली, आणि गेली ती म्हातारपणाने, झोपेत. तेव्हाही लोक म्हणाले, सुटली. त्या वेळी मी शब्दाला हरकत घेतली नाही.

नायब तहसीलदार मात्र आतड्याच्या दुखण्याने गेले. त्यांच्या मुलाने शेवटचा कोट तंग करायला आणला होता. तंग करायचं काम फार वर्षांनी आलं होतं. मी शिलाई घेतली नाही.

आता मुद्द्यावर येतो. ताकदवाल्याचा नातू दुकान चालवतो. काच लावली आहे, दिवे लावले आहेत. एका फळीवर वजन वाढवायच्या भुकटीचे डबे, दुसऱ्या फळीवर वजन उतरवायच्या भुकटीचे. काटा तोच, रंग नवा. आणि भिंतीवर ती चौकट आहे. 'ताकद से पहले, ताकद के बाद'. मी गेल्या पाडव्याला जाऊन फोटो मागितला. पोरगा सभ्यपणे म्हणाला, "अंकल, दादाजी के ज़माने का है. दुकान की शान है." मला पाणी विचारलं, खुर्ची दिली. फोटो दिला नाही.

तर हे सगळ्यांसमक्ष विचारतो. तो फोटो माझ्या घरचा आहे, चार दिवसांसाठी नेला होता. कोणाच्या परवानगीने लावला आहे? माझी बहीण ताकदीनंतर कुठे गेली, कोणत्या टेबलावर झोपली, हे तिसरा फोटो लावून त्याखाली कोणी लिहायचं? आणि तुमच्या काट्यावर आजही जे उभे राहतात, त्यांना काटा पुढे गेल्याचं काय सांगता? माझं दुकान मी मुलाला दिलं आहे, पण सकाळी अजून खुर्ची टाकून समोर बसतो. मला दिसतं कोण येतं, कोण जातं. तिथे येऊन सांगा.

अक्का सुटली. तुम्ही उत्तर दिल्याशिवाय सुटणार नाही.